कोथिंबिरीस राहण्याचा आग्रह

माझे संपूर्ण नाव मार्तंड शिवराम होनमाने, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार कासारवेस. आणि आमच्या गावात खुडलेली कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता इत्यादी मंडळी टिकतात ती केवळ राहण्याचा आग्रह केल्यामुळे.

अन्य गावांत हा हिरवा पाला कोरड्या फडक्याने, घट्ट झाकणाच्या डब्याने, बर्फाने अथवा सावलीत वाळवल्याने टिकतो, असे छापलेले मी वाचले आहे. छापलेले खोटे आहे असे मी म्हणणार नाही. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढचे सर्व मी गावच्या वाचनालयात बसून केले, आणि छापील शब्दाचा मान राखणे मला कळते. परंतु कासारवेशीत फडके, डबा आणि सावली यांचे महत्त्व पाहुण्याच्या अंथरुणाइतकेच आहे. अंथरूण घातलेच पाहिजे. मात्र ते घातले म्हणून पाहुणा राहतो, असे होत नाही.

आग्रह झाला नाही तर ही मंडळी कुजत नाहीत किंवा पिवळीही पडत नाहीत. ती निघून जातात. डबा उघडावा तर आत फडके तेवढे असते, आणि परसदार किलकिले असते. ती कोठे जातात, याविषयी नगरपरिषदेने एकदा चौकशी समिती नेमली होती. समितीच्या कामातून एवढेच निष्पन्न झाले की ती परत येत नाहीत.

आग्रहाची रीत ठरलेली आहे. पहिल्यांदा ‘राहा’ म्हटले की पाहुण्याने ‘नको’ म्हणायचे. दुसऱ्यांदा म्हटले की त्याने काहीतरी अडचण पुढे करायची. तिसऱ्यांदा म्हटले, आणि ते मनापासून असले, की तो राहतो. राहिला की मग महिनोन्महिने राहतो. पाने तशीच हिरवी, वास तसाच.

आमच्या घरी हे काम माझी पत्नी अनसूया करीत असे. तिच्या आग्रहाचे नाव गावात सर्वत्र होते. माघात खुडलेली कोथिंबीर तिने श्रावणातल्या वड्यांपर्यंत राखलेली लोकांनी पाहिली आहे. मी ओसरीवर वाचत बसलेला असे, आणि स्वयंपाकघरातून बोलणे ऐकू येई.

“हे काय, आत्ता आलीस आणि लगेच उठलीस?”

“नको काकू, निघते मी. उगाच तुम्हाला त्रास.”

“त्रास कसला मेला! बाहेर ऊन बघ केवढं पडलंय. करपून जाशील पोरी.”

“घरी वाट बघत असतील हो.”

“बघू देत. काकूनं सोडलं नाही म्हणून सांग. बस बघू इथं. हे फडकं घे अंगावर.”

एवढे झाले की डब्याचे झाकण लागल्याचा आवाज येई, आणि मी पान उलटत असे.

मला स्वतःला हा प्रकार कधी पटला नाही. समोरच्याने नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे, असे माझे मत होते. जेवायला बसता का, असे मी एकदा विचारतो. नको असे उत्तर आले की ताट उचलून ठेवतो. याला काही लोक तुसडेपणा म्हणतात. मी त्याला सभ्यता समजत आलो.

पौषात आमचा मुलगा सुहास नाशिकहून आला आणि आईला आपल्या नव्या घरी घेऊन गेला. निघताना अनसूया उंबऱ्यापाशी थांबली.

“जाऊ ना मग?” तिने विचारले.

“ठीक आहे,” मी म्हणालो.

“सुहास काही लवकर सोडायचा नाही हं.”

“हरकत नाही.”

“तुमच्या जेवणाचं कसं व्हायचं?”

“खानावळीचा डबा सांगितला आहे.”

ती थोडा वेळ आपल्या चपलांकडे पाहत उभी राहिली. मग त्या पायांत घालून गेली.

पुढे तिचे दूरध्वनी येत. पहिल्यांदा तिने तिकडे थंडी फार आहे म्हणून शाल मागवली. नंतर दुसरा चष्मा मागवला. होळीच्या सुमारास तिने देवघरातला बाळकृष्ण मागवला. सूनबाईंचे बंधू रविवारी नाशिकहून कामानिमित्त कासारवेशीस येणार होते, त्यांच्यापाशी तो द्यावा, असे ठरले. त्याच बोलण्यात ती म्हणाली, “आणि वाफा जळायच्या आत सगळा पाला आत घ्या. नळ आता दिवसाआड येणार. नीट आग्रह करा. नाहीतर उन्हाळाभर घरात हिरवं पान राहायचं नाही.”

मी ओसरीवर बसून बाळकृष्णास रेशमी तुकड्यात गुंडाळून तयार ठेवले. हे पाहून शेजारच्या कमळाक्का मगदूम कुंपणापलीकडे चालल्या होत्या तशाच थबकल्या. कमळाक्का माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, परंतु बोलताना तसे मानत नाहीत.

“देव मागवला वहिनींनी?”

“होय.”

“अण्णा, शाल मागवली म्हणजे बाईला थंडी वाजते. चष्मा मागवला म्हणजे दिसत नाही. देव मागवला म्हणजे ती परत येत नाही. एवढं तरी कळतं का तुम्हाला?”

मी म्हणालो की तिने तसे सांगितलेले नाही. कमळाक्कांनी आपल्या कपाळाला हात लावला आणि त्या धुणे वाळत घालू लागल्या.

त्या दिवशी दुपारी मला जेवण गेले नाही. खानावळीच्या वांग्याला दोष देऊन मी डबा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुदिना खुडला. वाचलेले सर्व तंतोतंत पाळले. पाने स्वच्छ धुतली, पाणी निथळू दिले, आणि माजघरात जेथे ऊन येत नाही तेथे पातळ मलमल अंथरून त्यावर एकावर एक न येतील अशी मांडली. मग मी टोपी घातली आणि समोर उभा राहिलो.

“आपण या घरी वास्तव्य करावे, अशी माझी विनंती आहे.”

“नको काका,” पुदिना म्हणाला, “निघतो आता.”

“ठीक आहे.”

पुदिना परसदारापर्यंत गेला आणि तेथे थांबला. त्याने वळून पाहिले.

“ठीक आहे म्हणजे?”

“आपण नको म्हणालात.”

“अहो, ते म्हणायचंच असतं.”

“मग आपला कोणता शब्द मी खरा मानायचा?”

“कमाल आहे बुवा,” पुदिना म्हणाला. “काकू असत्या तर एव्हाना माझा डोळा लागला असता.” आणि तो गेला. चालताना त्याची पाने ताठ होती. दार त्याने ओढून घेतले नाही.

कढीपत्त्याचेही तसेच झाले. त्याने तर ‘नको’ऐवजी नुसते ‘बघू’ एवढेच म्हटले होते. ‘बघू’ हा नकार आहे की होकार, याचा मी विचार करीत असताना तो निघून गेला.

ज्या घरातून लागोपाठ दोन पाले निघून जातात, त्या घराची पाहणी करण्याचा नगरपरिषदेचा नियम आहे, कारण परसातल्या वाफ्याला पाणी नगरपरिषदेचे असते. त्याप्रमाणे आग्रह विभागाचे निरीक्षक श्री. वाळवेकर आले. गृहस्थ सौम्य होते. त्यांनी रिकामी मलमल पाहिली, तिचा वास घेतला, परसदाराची कडी हलवून पाहिली, आणि ओसरीवर बसून मला प्रश्न विचारले. कमळाक्का कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पाहणी सार्वजनिक असते, त्यामुळे त्यांना मज्जाव करता आला नाही.

“फडके कसले होते?” वाळवेकरांनी विचारले.

“मलमलीचे.”

“सावली?”

“पूर्ण.”

“उत्तम. आग्रह कोणत्या शब्दांत केलात?”

मी शब्द सांगितले.

“हा आग्रह झाला होय?” कमळाक्का तिकडून म्हणाल्या. “ही तर नोटीस झाली!”

“बाई, आपण मध्ये बोलू नये,” वाळवेकर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाईंचे म्हणणे बरोबर आहे. या घरात आग्रह कोण करीत असे?”

“माझी पत्नी.”

“त्या कोठे आहेत?”

“मुलाकडे. नाशिकला.”

“परत केव्हा येणार?”

“तिने सांगितलेले नाही.”

“आपण विचारलेत?”

“नाही.”

“त्या निघाल्या तेव्हा आपण राहा म्हणालात?”

“ती जाऊ ना असे विचारत होती. मी ठीक आहे म्हणालो.”

“किती वेळा विचारले त्यांनी?”

मी तो प्रसंग मनात पुन्हा आणला. पूर्वी मी तो अशा रीतीने पाहिलेला नव्हता.

“तीनदा,” मी म्हणालो.

वाळवेकरांनी चष्मा काढून पुसला. कमळाक्का गप्प राहिल्याचा हा पहिला प्रसंग असावा.

“आग्रहाचा नियम पाल्यालाच लागू आहे असे कोठे म्हटलेले नाही,” वाळवेकर म्हणाले. “परंतु माणसांचा विषय माझ्या विभागाकडे येत नाही. मी आपल्याला नगरपरिषदेचा आग्रहक देऊ शकतो. मात्र प्रामाणिकपणे सांगतो, सरकारी आग्रहाने फक्त शेपू राहतो, आणि तोही सुट्टीचे दिवस सोडून.”

मी आग्रहक नाकारला. वाळवेकरांनी मला पुन्हा विचारले. मी पुन्हा नाकारला. ते तिसऱ्यांदा विचारतील की काय, या भीतीने मी उभा राहिलो, तेव्हा ते समजून गेले आणि निघाले. जाताना म्हणाले, “वाफ्यात काय उरले आहे?”

“कोथिंबीर.”

“तीही गेली तर पाणी बंद करावे लागेल. मला वाईट वाटेल.”

शनिवारी सकाळी मी कोथिंबीर मुळांसकट उपटली. माती झटकली, पिवळी पाने काढली, ओल पूर्ण टिपली, आणि जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यात सैलसर गुंडाळून ती डब्यात ठेवली. डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून मी समोर पाट मांडून बसलो. टोपी घातली नाही. कमळाक्कांनी मागच्या दारातून येऊन भिंतीला टेकून बसकण मारली. मी त्यांना बोलावले नव्हते.

कोथिंबीर फडक्यातून बाहेर आली.

“निघते काका,” ती म्हणाली. “काकू दिसत नाहीत?”

“नाशिकला आहे. तू राहा.”

‘तू’ हा शब्द उच्चारताना मला कष्ट पडले. कोथिंबिरीने मात्र मान किंचित वर केली.

“नको हो. उगाच तुम्हाला त्रास.”

“ठीक—” असे मी म्हणणार होतो. कमळाक्का जोरात खाकरल्या. मी तोंड मिटले, एक श्वास घेतला, आणि आयुष्यात प्रथमच एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली.

“त्रास नाही. राहा. उन्हाळ्यात उसळीवर घालायला कोथिंबीर लागते.”

“अहो अण्णा!” कमळाक्का उठून उभ्या राहिल्या. “पाहुण्याला कुणी सांगतं का, राहा, तुला चिरून उसळीवर घालतो म्हणून!”

“कारण देणे आवश्यक होते,” मी म्हणालो.

“आवश्यक! वहिनींनी पन्नास वर्षं कशी काढली या घरात, देव जाणे.”

कोथिंबीर ओट्यावरून उतरली होती. “माझीही कामं पडलीत काका,” ती सावकाश म्हणाली. ही अडचण होती. रीतीप्रमाणे ती तिने सांगितली, आणि रीतीप्रमाणेच ती परसदाराकडे निघाली. दार उघडे होते. बाहेर उन्हात वाफा पांढरा पडलेला दिसत होता. त्यात आता काहीही उरले नव्हते.

तिसऱ्यांदा काय म्हणायचे, हे मी तयार केलेले नव्हते. वाचलेल्यापैकी काही आठवेना. माझे गुडघे पाटावरून लवकर उठू देत नाहीत. तरी मी उठलो, तिच्या आधी दारापाशी पोचलो, आणि चौकटीला हात लावून उभा राहिलो.

“जाऊ नकोस,” मी म्हणालो. “मला एकट्याला जेवण जात नाही. डब्यातल्या सगळ्या भाज्यांची चव एकच लागते. ओसरीवर वाचत बसतो, तर आतून कुणी बोलत नाही. पान उलटल्याचा आवाज मोठा येतो. तू काही करू नकोस. नुसती राहा.”

कोथिंबीर उभी होती. कमळाक्का पदराने नाक पुसत होत्या.

“मन लागत नाही होय काका तुमचं?” कोथिंबिरीने विचारले.

“नाही.”

“मग हे आधी बोलायचं की! आम्ही काय सोडून जाणार होतो?” ती मागे वळली, ओट्यावर चढली, आणि डब्यात जाऊन बसली. फडके तिने स्वतःच ओढून घेतले. “झाकण जरा उघडं ठेवा. आत्ताच झोप नाही यायची मला. आणि काय हो, हे काकूंना सांगितलंत का?”

मी नाही म्हणालो.

“मग काय रविवारची वाट बघताय?” कमळाक्का म्हणाल्या, आणि त्यांनी फोन आणून माझ्या हातात दिला.

मी नाशिकला लावला, तो सूनबाईंनी उचलला. अनसूया पूजेला बसली होती, तरी उठून आली.

“काय हो, बरं आहे ना? अशा वेळी कसा फोन?”

“बरे आहे. कोथिंबीर राहिली.”

“तुम्ही केला आग्रह? तुम्ही?” ती हसली. “कमळाक्कांनी केला असेल.”

“मी केला. अनसूया, तू घरी ये.”

ती म्हणाली, “नको हो आता. उगाच तुम्हाला त्रास. डबा लागलाय तुमचा, चाललंय की सगळं.”

“त्रास नाही. ये.” कारण देऊ नये हे मला आता कळले होते, म्हणून मी कारण दिले नाही.

“अहो, इथं ही सोडत नाही.” मागून सूनबाईंचा आवाज ऐकू आला: आई, आत्ताच कुठं निघालात, उन्हाळा काढा, नंतर बघू. सूनबाईंचा आग्रह चांगला असतो, कोल्हापूरकडच्या आहेत. “आणि देव पण यायचेत ना उद्या,” अनसूया म्हणाली. “सुहासनं देव्हारा आणून ठेवलाय.”

ही अडचण होती. खरी होती की रीतीची होती, हे दूरध्वनीवरून कळण्यास मार्ग नव्हता. पन्नास वर्षांच्या सवयीने माझ्या ओठांवर जो शब्द आला तो ‘ठीक आहे’ हाच होता. कोथिंबीर डब्याच्या कडेवर दोन्ही हात टेकून माझ्याकडे पाहत होती. कमळाक्का बोटे दाखवून तीन, तीन अशी खूण करीत होत्या.

“देव मी देणार नाही,” मी म्हणालो. “देव इथे आहेत, तू इथे ये. मी त्या दिवशी चुकलो नाही असे मला वाटत होते, कारण तू जाऊ ना असे विचारलेस आणि मी त्याचे उत्तर दिले. ते उत्तर बरोबर नव्हते. जाऊ नकोस, असे उत्तर होते. ते मी आज देतो आहे.”

एवढे लांब मी फोनवर यापूर्वी बोललो नव्हतो. पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज आला. सूनबाई काहीतरी विचारत होत्या, आणि अनसूया त्यांना म्हणाली, “थांब गं जरा, बोलू दे मला.”

मग ती मला म्हणाली, “उद्या हिचा भाऊ येणारच आहे गाडी घेऊन. त्याच्याबरोबर येते. मधल्या सीटवर जागा असते का बघायला हवी, माझे पाय सुजतात.”

“पुढच्या सीटवर बस.”

“बरं.” तिने मग विचारले, “कोथिंबीर मुळांसकट ठेवलीत की देठं तोडलीत?”

“मुळांसकट.”

“ओल टिपून घेतली?”

“घेतली.”

“मग राहील ती,” अनसूया म्हणाली. “ठेवते आता.”

मी पाटावर बसलो. कमळाक्कांनी न विचारता चहा टाकला. तो फार गोड होता, आणि मी पूर्ण प्यायलो. कोथिंबीर तोवर झोपली होती, म्हणून मी झाकण लावले.

अनसूया रविवारी दुपारी आली. आल्या आल्या तिने चपला काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून पाहिला, आणि खानावळीचा डबा बंद करण्यास सांगितले. संध्याकाळी मी ओसरीवर वाचत बसलो असता आतून तिच्या आणि कोथिंबिरीच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्या बहुधा माझ्याविषयी बोलत होत्या.

त्यानंतर झालेला बदल असा, की मी आता प्रत्येकास तीनदा विचारतो. कोथिंबीर भाद्रपदापर्यंत राहिली, वाफ्याचे पाणी चालू राहिले, आणि नव्या पुदिन्याचा आग्रह मी व अनसूया आळीपाळीने करतो. वैशाखात विजेचा मीटर पाहण्यासाठी आलेल्या गृहस्थांना मी चहासाठी थांबा असे रीतसर तीनदा म्हटले. ते सध्या आमच्या माजघरात राहतात, त्यांच्या घरी तसे कळवले आहे, आणि त्यांचा काही त्रास नाही.